चावीचं की ऑटोमॅटिक

४ फेब्रुवारी १९६२, रविवार. महाड.

मुलगी पाहिली. पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या वाटेवरचं गाव. नाव चंद्रभागा. सातवीची फायनल पास, गावच्याच शाळेत मास्तरीण. वडील कोंडाजी. शेती बरी, बोलणं कमी. आमच्याकडून मी, आई आणि गोमाजीमामा. मामाने माझी ओळख "ह्यो वकिलाकडं असतो" अशी करून दिली. हेडक्लार्क म्हणायला याचं तोंड दुखतं. ऑफिसात क्लार्क मी एकटाच आहे, पण म्हणून हेड नाही असं कुठे होतं?

एक गोष्ट खटकली. मी रीतसर नाव, शिक्षण, मुंबईला कोण असतं वगैरे विचारलं. मग म्हटलं, तुम्हाला काही विचारायचंय का? हे नुसतं सभ्यता म्हणून म्हणायचं असतं. तर ती म्हणाली, "किती वाजले?" शाळेच्या पोरांचा नाच बसवायला जायचं होतं म्हणे.

मी ऐटीत मनगट वर केलं आणि मग आठवलं की मनगटावर काही नाही. मामा म्हणाला, "सोनबाची गाडी अजून उतरली नाय, म्हंजे दोन वाजायचे हायत." सगळे हसले. चंद्रभागाही हसली. हसताना फार छान दिसली. हे इथे लिहितो, बाहेर बोलणार नाही.

सोनबा म्हणजे एसटीचा ड्रायव्हर. घाटातून महाडला गाडी आणतो. आमच्या दारावरून जाताना हॉर्न वाजवतो. आईचं घड्याळ तेच. सकाळचा हॉर्न झाला की मला उठवते, दुपारचा झाला की वाढते. हेडक्लार्कने एसटीच्या भोंग्यावर जेवायचं!

ठराव: मनगटी घड्याळ. साधंसुधं नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

होकार आला. न येऊन सांगतो कुणाला? बरोबर आणखी एक बातमी. मुलीचे चुलते मुरारीकाका मुंबईत फोर्टात घड्याळांच्या मोठ्या दुकानात नोकरीला आहेत. त्यांना मूलबाळ नाही, चंद्रभागेला त्यांनीच शिकवली. जावयाला घड्याळ त्यांच्याकडून. स्विस! कंपनीचं नाव उच्चारताना मलाही दोनदा थांबावं लागतं, म्हणजे माल उत्तम असणार.

मामाने चित्रं आणून दिली. एकाच घड्याळाच्या दोन आवृत्त्या. जुनी चावीची. रोज चावी द्यायची. सेकंदाचा काटा खाली वेगळ्या छोट्या वर्तुळात फिरतो. नवी सुधारलेली, ऑटोमॅटिक. हात हलला की चावी आपोआप भरते. सेकंदाचा काटा मधोमध, लांब. शिवाय एका खिडकीत तारीख दिसते. सहदेवरावांनी एक पसंत करावं, असा निरोप.

आई म्हणाली, "कंचंबी घे रे, दोन्हीत तेवढेच वाजतात." हिला काय सांगायचं!

१२ फेब्रुवारी, सोमवार

नवीन. प्रश्नच नाही. माझा धंदाच तारखांचा. कोर्टात अर्धी दुनिया तारीख विचारते आणि ती सांगतो मी.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

जुनं. छोट्या वर्तुळात खानदानीपणा आहे. तो लांब काटा म्हणजे डॉक्टरने नाडी बघायची सोय. मी काय कंपाउंडर आहे?

१९ फेब्रुवारी, सोमवार

मामा विचारायला आला. तारीख मागून घेतली. इतकी वर्षं वकिलाकडे काढली, त्यातून एक शिकलो. घाई करणारा पक्षकार हरतो. आपण तारीख घेत राहायचं. समोरचा थकतो आणि तडजोडीला येतो. मामाला हे समजावलं. तो म्हणाला, "अरे, ही सोयरीक हाय, बांधाचा दावा नाय." अडाणी.

१ मार्च, गुरुवार

नव्या घड्याळावर फार मोठा पॉइंट सापडला. त्याच्या खिडकीत प्रत्येक महिना एकतीस दिवसांचा! काल अठ्ठावीस फेब्रुवारी. आज ते घड्याळ चक्क एकोणतीस दाखवणार. ही खोटी साक्ष झाली. मुरारीकाकांना पत्राने खुलासा मागितला.

१० मार्च, शनिवार

खुलासा आला. महिना लहान असला की काटे हाताने फिरवून तारीख पुढे घ्यायची. म्हणजे तेही काम मीच करायचं! आणि म्हणे ऑटोमॅटिक.

चित्रावरून निकाल देता येत नाही, दोन्ही घड्याळं समक्ष हजर करावीत, असं कळवलं.

२० मार्च, मंगळवार

मुरारीकाका शिमग्याला गावी जाताना महाडला उतरले. दोन्ही घड्याळं आणली! दुकानाच्या मालकाच्या हातापाया पडून आणली म्हणे, सुट्टीपुरती. माणूस किरकोळ, सदरा स्वच्छ, बोलायला लागला की चंद्रभागेपलीकडे विषय नाही. पोरगी लहानपणी दुकानात आली होती, सगळी घड्याळं वाजायला लागली तेव्हा टाळ्या पिटत होती, वगैरे. मी ऐकून घेतलं. म्हणाले, "सहदेवराव, दोन्ही वापरून बघा. परतताना एक न्हेतो, एक तुमचं."

एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरं बांधून ओटीवर बसलो. येणाऱ्याजाणाऱ्याने बघितलं. आईला म्हटलं, आता हॉर्नची गरज नाही. ती म्हणाली, "मंग सांग, किती वाजले?" दोन्हींत तीन मिनिटांचा फरक होता.

२५ मार्च, रविवार

शिमग्याच्या सुट्ट्या संपल्या. विश्रांती उत्तम झाली. खाटेवरून फारसा उठलो नाही. काल बघतो तर नवं घड्याळ बंद! जुनंही बंद. त्याला चावी द्यायची राहून गेली होती, पण इतक्या नामांकित घड्याळाने एवढं मनावर घ्यावं? मुंबईच्या मालाला महाडची हवा मानवत नसावी.

आज मुरारीकाका आले. दोन्ही घड्याळं कानाला लावली. नवं नुसतं दोनदा हलवलं, चालू झालं. म्हणाले, "हलत्या हाताला हे बरं. नायतर दुसऱ्याला रोज आठवणीनं चावी द्यावी लागते. तुमास्नी कंचं जमंल?" मी सांगितलं, जमण्याचा प्रश्नच नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. मला जुन्याचा चेहरा पाहिजे आणि आत नव्याचं मशीन. कारखान्याला तसं लिहा.

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. बहुधा एवढी सूक्ष्म मागणी त्यांच्या दुकानात कुणी केली नसावी. मग दोन्ही घड्याळं रुमालात बांधून घेऊन गेले.

२ एप्रिल, सोमवार

साखरपुडा पंधराला, रविवारी. त्याच वेळी पाटावर दोन्ही घड्याळं ठेवणार, मी एक उचलायचं. कारखान्याला काही लिहिलेलं दिसत नाही.

आई तिकडे जाऊन आली. सोनबाने पुढच्या बाकावर बसवून नेलं, उतरताना पिशवी धरली, म्हणून त्याचं कौतुक संपेना. चंद्रभागा काय म्हणाली विचारलं. आईने सांगितलं, "ती म्हणली, बघू द्या त्यांस्नी घड्याळं बघायची तर, मला मातर शाळंला उशीर होतो." मुलगी समजूतदार आहे.

आईला घर आवडलं. म्हणाली, माझे गुडघे गेले, सून आली की बसून खाईन. मी म्हटलं, धीर धर.

१३ एप्रिल, शुक्रवार

योजना ठरली. यापुढे मामाचाही सल्ला घेणार नाही.

आपल्याकडे लग्नात नवरा जेवताना रुसतो. सासरची माणसं मनवायला येतात आणि तो मागेल ते देतात. पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज आहे, कुणी नाही म्हणू शकत नाही. पण लग्नापर्यंत थांबायचं कशाला? मी साखरपुड्यालाच रुसणार. रविवारी जाणारच नाही. कोंडाजी, मुरारीकाका धावत महाडला येतील. मी भिंतीकडे तोंड करून बसेन. अट एकच, जुना चेहरा आणि नवं मशीन. फारच गयावया केली तर दोन्ही घड्याळं घेऊन मिटवीन.

१५ एप्रिल, रविवार. सकाळ.

रुसलो.

आई रडकुंडीला आली. "अरे, माणसं जमली असतील तिकडं. लग्नात रुसतात रे, साखरपुड्याला नवऱ्यानं रुसल्यालं मी आजवर नाय बघितलं." म्हटलं, आता बघ. शेवटी ती आणि मामा सोनबाच्या गाडीने गेले. गाडी दारात बराच वेळ उभी होती. सोनबा खाली उतरून म्हणाला, "चला भाऊसाहेब, धा मिंटं थांबतो तुमच्यासाठी." ड्रायव्हरने मला मनवायचं! मी भिंतीकडे तोंड केलं.

दुपार. कोट घालून, टोपी घालून बसलो आहे. मनवायला आले की ऐनवेळी कपड्यांची गडबड नको. जेवलो नाही. रुसलेला माणूस जेवत नाही.

संध्याकाळ. रस्त्यावर पावलं वाजली. शेजारी होता. कोट बघून म्हणाला, कुठे लग्नाला का?

रात्री आई परतली. मुहूर्त टळेपर्यंत सगळे थांबले. मुरारीकाका पाटाजवळ दोन्ही घड्याळं मांडून बसून होते. मग कोंडाजींनी आईला जेवू घालून वाटेला लावलं. मी विचारलं, मनवायला कधी निघणार आहेत? आईने ताट वाढलं. भात थंड झाला होता.

२२ एप्रिल, रविवार

कोट घालून बसलो. कुणी नाही. बहुधा पुढच्या रविवारी.

२९ एप्रिल, रविवार

कोट फार गरम होतो. टोपी तेवढी ठेवली. तेही तारीख घेत असणार. आपलीच युक्ती आपल्यावर! पण मी यात मुरलेला आहे. आधी तेच थकतील.

१३ मे, रविवार

गोमाजीमामा आला. दारातच उभा राहिला. चंद्रभागेचं लग्न झालं. परवा. सोनबाशी.

साखरपुड्याच्या त्या रविवारी आईला परत आणायला सोनबाच होता. अंधार पडला तरी गाडी थांबवून आईची वाट बघत राहिला, पॅसेंजर बोंबलले तरी. कोंडाजींनी ते पाहिलं होतं. चौकशी केली, पोरगा जातीतला, निर्व्यसनी. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "त्यांची गाडी कदी चुकत नाय." संपला विषय.

याला कायद्यात एकतर्फी निकाल म्हणतात. समोरचा पक्षकार हजर नसताना दिलेला. तो रद्द करून घेता येतो. वकीलसाहेबांना पॉइंट विचारला. ते हसता हसता खुर्चीवरून पडायचे राहिले. या माणसाचा कायदा कच्चा आहे हे मी पूर्वीच ओळखलं होतं.

ड्रायव्हर! खाकी कपडे, बोटांना ग्रीस. त्याच्या मनगटावर स्विस घड्याळ म्हणजे शेणाच्या पाटीला जरीचा काठ. आणि तिने त्याला हो म्हटलं. मला वाईट वाटलं. फार वाटलं. खोडून टाकणार होतो हे वाक्य, राहू दे.

१८ जून, सोमवार

एका पक्षकाराच्या उताऱ्यासाठी पोलादपूरला जावं लागलं. सोनबाची गाडी मुद्दाम टाळणार होतो, पण दुसरी कधी असते ते कळायला घड्याळ लागतं. मागच्या बाकावर बसलो.

त्याच्या डाव्या मनगटावर नवं घड्याळ. घाटाच्या रस्त्याचा ड्रायव्हर. दिवसभर स्टिअरिंग गरागरा फिरवतो. ते घड्याळ जन्मात बंद पडायचं नाही. मी मनात म्हटलं, चला, निदान निकाल तरी लागला. नवं गेलं, म्हणजे जुनं मुरारीकाकांकडे पडून असणार. माणूस मऊ आहे. पत्र टाकून बघावं का?

उतारा मिळाला नाही. येतानाही तीच गाडी. पोलादपूरला चंद्रभागा चढली. छत्री, पिशवीत पाट्या, मुलांच्या वह्या. उद्या सकाळी महाडला शिक्षकांची कसलीशी मीटिंग आहे. जागा नेमकी माझ्या शेजारीच रिकामी. तिने ओळखलं. आई कशी आहे विचारलं, गुडघ्यांना तेल लावायला सांगितलं. रागाचं अक्षर नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, किती वाजले?

तिने पदर बाजूला करून मनगट वर केलं. जुनं घड्याळ. तिच्या हाताला मोठं होत होतं, पट्ट्याला जादा भोक पाडलेलं. खाली छोट्या वर्तुळात काटा फिरत होता. पाच वाजून गेले, तिने सांगितलं. काकांनी दोघांना दोन दिली म्हणाली. रोज सकाळी शाळेची घंटा द्यायच्या आधी वर्गातलं एकेक पोर पाळीने चावी देतं, त्यासाठी रांग लागते.

मग पुढे बघून, अगदी साधेपणाने म्हणाली, "तारीख पायजे असंल तर त्यांच्यात दिसते."

मी म्हटलं, नको. तारीख माहीत आहे.

१९ जून, मंगळवार

ठराव: घड्याळाचा नाद कायमचा बंद. घड्याळं किरकोळ माणसांना लागतात. मोठी माणसं आली की वेळ होते.

२० जून, बुधवार

सकाळी झोप लागली होती. आईने हलवून उठवलं. "ऊठ रे सहदेवा, सोनबाची गाडी गेली."

उठलो.