कॅरी ऑन

स्केल्बी, ९ जानेवारी १९९४

चि. रॉडनीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

परवाच्या वादळात आईचा रूबार्बच्या भाजीचा वाफा कड्यासकट समुद्रात गेला. आता बाबांच्या मागच्या दारातून चहाचा चोथा फेकला तर थेट लाटांत पडेल. दर हिवाळ्यासारखं त्यांनी कोंबड्यांचं खुराडं घराकडे सरकवलं. ते आता भिंतीला टेकलंय. पुढच्या वर्षी घर कुठे सरकवणार, असं मी विचारलं, तर म्हणाले, कॅरी ऑन.

पाव करपला, कॅरी ऑन. आईच्या अंत्यविधीत पाद्रीबाबा वाचता वाचता अडखळले, तर त्यांनाही तेच. चालू द्या, एवढाच त्याचा अर्थ. पण आपल्या घरात तो म्हणजे, यावर आता बोलायचं नाही. घर रिकामं करा म्हणून सांगायला आलेल्या सरकारी माणसाला तेच ऐकवून चहा पाजला. माझं काही चालत नाही रे. ये.

तुझी ताई,
ब्रेंडा

लीड्स, १६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रजा मिळत नाही, आणि आलो तरी बाबांना दटावणार कोण? फोनवर मी रडवेला झालो, तर कॅरी ऑन म्हणून त्यांनी फोन ठेवला. पण तू त्यांना नावं ठेवू नकोस हं. भावोजी तुला सोडून गेले त्या दिवशी मी धावत आलो, तर तू पडदे शिवत बसली होतीस. मला काय म्हणालीस, आठवतं ना? शोभतेस बाबांची लेक! धाकट्याचा आगाऊपणा पोटात घाल.

तुझा,
रॉडनी

स्केल्बी, ८ फेब्रुवारी

चि. रॉडनीस,
अनेक आशीर्वाद.

बाबा सुखरूप आहेत. शुक्रवारी सकाळी खुराडं कोंबड्यांसकट खाली गेलं. बाबा कोट चढवून मुकाट्याने माझ्या गाडीत येऊन बसले.

घर समुद्रात कोसळण्याआधी पाडावं लागतं. काल यंत्र आलं. चालक भला माणूस, टोपी काढून त्याने बाबांना विचारलं, सुरू करू का. मला वाटलं, आता म्हणतील. त्यांचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतके केविलवाणे बाबा मी कधी पाहिले नव्हते. शेवटी मीच त्या माणसाला म्हणाले, कॅरी ऑन.

बाबा माझ्याकडे जेवतात, झोपतात, बोलत नाहीत. तो शब्द आता माझ्या तोंडून पुन्हा निघणार नाही. तू येऊन त्यांच्याशी दुसरं काहीतरी बोल. लोभ आहेच तुझा, पण या खेपेला तो कागदावर पाठवू नकोस.

तुझी ताई,
ब्रेंडा