गाढवाचा चेहरा

९ सप्टेंबर
देवांगला काढलं! सकाळी मीटिंग, दुपारी बॅज जमा. आता व्हिसाच्या नियमानं दोन महिन्यांत दुसरी नोकरी, नाहीतर अमेरिका सोडून परत नागपूर. त्याची बायको निधी फोनवर रडलीसुद्धा नाही. "अगं, पोरीची शाळा आत्ता कुठे सुरू झालीय," एवढंच म्हणत राहिली. बॉस सत्यजितदादा — देवांगचा आणि माझ्या नवऱ्याचा, सुशांतचाही. परवा मंडळाच्या गणपतीत याच माणसानं देवांगच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला होता.

११ सप्टेंबर
प्रिंटमेकिंगच्या क्लासमध्ये आज चित्रकार गोया. स्पेन, दोनशे वर्षांपूर्वीची चित्रं. एकात मरायला टेकलेला पेशंट आणि त्याची नाडी बघणारा डॉक्टर — चक्क गाढव! कपडे मात्र झकास. सगळे हसले. मला तो पेशंट बघून देवांग आठवला.
बाई म्हणाल्या, त्यानं ही चित्रं विकायला काढली आणि थोड्याच दिवसांत मागे घेतली. बड्या लोकांची टिंगल केलेली, घाबरला असावा.

२ ऑक्टोबर
तांब्याचा पत्रा, त्यावर मेणाचा थर, सुईनं रेघा, मग ॲसिड. आज पहिला छाप निघाला. टाय लावलेलं गाढव, गळ्यात ऑफिसचा बॅज, खुराखाली पेशंटचा हात. चष्मा आणि जिवणी सत्यजितदादाची. मुद्दाम? हो, मुद्दाम!

१० ऑक्टोबर
सुशांतनं बघितलं. पांढराफटक पडला.
"वेडी आहेस का यार? ग्रीन कार्डचं सगळं त्यांच्या हातात आहे. क्लासच्या प्रदर्शनात हे लावायचं कॅन्सल कर."
मी म्हटलं, देवांग तुझा मित्र ना?
तो गाडी धुवायला गेला. थंडीत!

११ ऑक्टोबर
चित्र मागे घेतेय असा मेल लिहिला. पाठवला नाही. भीती मलाही आहेच की.

१८ ऑक्टोबर
प्रदर्शन. सुशांत आला नाही. सत्यजितदादा आले — विनीतावहिनींना घेऊन! वहिनी चित्र बघून आधी हसल्या, मग चष्मा ओळखून नवऱ्याकडे बघू लागल्या. ते मात्र कितीतरी वेळ तिथेच उभे. 
शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाले, "कान मस्त जमलेत. चेहरा चुकलाय."
"म्हणजे?"
"वरून आलं होतं, टीममधला एक माणूस कमी करा. सही माझीच, ते नाकारत नाही. पण नाव मी नाही सुचवलं."
"मग कोणी?"
"घरी विचार, यामिनी."
घरी येताना मी हायवेवर दोनदा चुकीच्या एक्झिटला वळले.

१९ ऑक्टोबर
विचारलं. आधी सुशांत नुसताच कप धूत राहिला. मग म्हणाला, "देवांग नाहीतर मी, एवढंच होतं. काय सांगायला हवं होतं मी?"
थोड्या वेळानं निधीचा फोन आला. मी उचलला नाही.