हिरवळ बचाव समितीचा सरचिटणीस

३ जून, सकाळी ९
थीसिसचं सहावं वर्ष. विषय : समाजवाद गेल्यावर पूर्व युरोपातल्या शहरांत खासगीकरणाविरुद्ध उभ्या राहिलेल्या चळवळी. पूर्व युरोप अजून पाहिलेला नाही, पण त्यामुळे नजर स्वच्छ राहते. संकल्प : ऑगस्टपर्यंत तीन चॅप्टर. शिवांगी म्हणाली, आधी डिशवॉशर रिकामा कर. बायको आयटीत आहे, समजून घ्यावं लागतं.

५ जून
चॅप्टर शून्य. पण कारण मोठं आहे. आमचं कॉम्प्लेक्स नव्या कंपनीनं घेतलं. दारावर नोटीस : मधल्या हिरवळीवर पेड पार्किंग होणार. भाडंही वाढणार. संध्याकाळी सगळे आजीआजोबा तिथेच बसतात, मुलं खेळतात. म्हणजे माझा विषय इथे टेक्सासात, शुगर लँडला घरपोच आला.

८ जून
लाँड्री रूममध्ये मीटिंग. खालच्या मजल्यावरच्या मिलेनामावशींनी बोलावली. वय एकाहत्तर, मूळच्या बेलग्रेडच्या. तिकडे टॉवर बांधायला त्यांची गल्ली पाडली, तेव्हा त्या शेजाऱ्यांना घेऊन बुलडोझरपुढे उभ्या राहिल्या होत्या. त्या चळवळीमागची थिअरी मी त्यांना चाळीस मिनिटं समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, तू लिहितोस ना, मीटिंगच्या नोंदी, मिनिट्स, तू घे.
म्हणजे मी सरचिटणीस.

१५ जून
ठरलं. वीस तारखेपासून हिरवळीवर खुर्च्या टाकून बसायचं, मशीन आलं तरी उठायचं नाही. चौदा घरांनी सह्या केल्या, फ्लॅट नंबरासकट. कोणाची लीज संपत आलीय, कोणाचे इमिग्रेशनचे पेपर्स अडकलेत, तेही लोक मोकळेपणानं बोलले. सगळं टिपलं.
मी सही केली नाही. संशोधकानं तटस्थ राहावं. शिवांगीनं केली.

२० जून, दुपार
बाहेर शंभर डिग्री फॅरनहाइट. मावशी सकाळपासून खुर्चीत, डोक्यावर ओला टॉवेल. शिवांगी लॅपटॉप घेऊन त्यांच्या शेजारी. मी खिडकीतून निरीक्षण केलं. एसीत नोंदी नीट होतात.

२७ जून
मशीनवाले दोनदा परत गेले. आज मॅनेजर मिस्टर कोलमननी मला ऑफिसात कॉफीला बोलावलं. सज्जन माणूस. दीड तास ऐकत होते, मध्ये मध्ये लिहूनही घेत होते. गाइडनं सहा वर्षांत इतकं ऐकलेलं नाही. म्हणाले, रहिवाशांचं म्हणणं समजून घ्यायचंय, मिनिट्स वाचायला मिळतील का. संवादाशिवाय चळवळ कसली? घरी येऊन ईमेल केल्या.
टाइप करताना शिवांगीचं नाव तेवढं राहून गेलं.

१० जुलै
तेरा घरांना नोटिसा. लीज संपली की घर सोडायचं, रिन्यू होणार नाही. पेपर्स अडकलेल्या दोन कुटुंबांना मॅनेजरनं आधी वेगळं भेटायला बोलावलं होतं. ती दुसऱ्याच दिवशी सामान टाकून निघून गेली. मुलांच्या सायकली जिन्याखाली तशाच आहेत.
आम्हाला रिन्यूअल मिळालं, जुन्याच भाड्यात. शिवांगीनं विचारलं, आपल्यालाच का? मी म्हणालो, त्या माणसाला विद्वत्तेची कदर आहे.

२२ जुलै
हिरवळीवर डांबर पडलं. मी गेलो की लाँड्री रूम रिकामी होते. हरलेली माणसं कडवट होतात, थिअरीत आहे हे. नवा चॅप्टर सुचला : 'चळवळी आतून का फुटतात'. उद्यापासून लिहिणार.

३१ जुलै
मावशी गेल्या. डॅलसला, मुलाच्या गॅरेजवरच्या खोलीत. शिवांगीनं दिवसभर त्यांची खोकी उचलली. मी मुलाखतीचा संमतीचा फॉर्म घेऊन गेलो. त्यांनी सही केली नाही, पण बोलल्या. म्हणाल्या, "आमच्या गल्लीतही एक होता. शिकलेला. मिनिट्स घ्यायचा. आता टॉवरमध्ये राहतो, अकराव्या मजल्यावर. तो लिफ्टमध्ये शिरला की लोक जिन्यानं जातात."
इतका महत्त्वाचा साक्षीदार, आणि हे मला आज सांगतायत. मी त्याचा फोन नंबर मागितला. त्यांनी ट्रकचं दार ओढून घेतलं.
घरी येऊन शिवांगीला विचारलं, तो माणूस मुलाखत देईल का? तिनं चहा केला. एकच कप.
दूध संपलं असावं.