दुष्ट मालकाचं काम

२० एप्रिल १९७२
आज फौंड्रीच्या गेटवर पुन्हा "मुकादम मुर्दाबाद!" आता सवय झालीय. एखादा दिवस ओरडले नाहीत तर चुकल्यासारखं वाटतं. ओतकामात गुंडूचा हात भाजला, मालकांनी त्याला काढलं – आणि शिव्या मला!

२२ एप्रिल
युनियनचा रशीद चक्क घरी! कामगार दिनासाठी नाटक बसवतोय – विलायतेतला जुना कामगार पुढारी, विल्यम विणकर, त्याचं चरित्र. विल्यम तो स्वतः. दुष्ट मालक व्हायला कोणी तयार नाही. म्हणाला, "मुकादम, तुमास्नी काय येगळं सोंग करायला लागायचं न्हाय की!" आत माझी बायको शालू खो खो हसली. मी रागानं हो म्हणालो.

२६ एप्रिल
तालीम. विलायतेच्या विल्यमच्या पायात करकर वाजणारी कापशी चप्पल! मला सासऱ्यांचा कोट, काखेत उसवलेला. शेवटी विल्यम जखमी विणकराला परत घ्या म्हणून विनवतो आणि मी गरजतो, "हाकला त्याला!" काय आवाज लागला! गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

१ मे
मेलो! नाटकाला मालक पहिल्या रांगेत. त्यांच्यामागे गुंडू, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून रंगून बघत होता. विल्यमनं हात जोडले. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं – "घ्या त्याला कामावर!"
सगळा मांडव उभा! शिट्ट्या! रशीद कानात, "आवो, ह्ये नाटकात न्हाय!" मालकही टाळ्या वाजवत होते. लोक बघत होते ना.
मुद्दाम केलं नाही. पण गुंडूकडे बघून ते वाक्य म्हणवेना, हे खरं.

२ मे
गुंडू गेटवर हजर! "मालकांनी टाळ्या वाजीवल्या न्हवं? मग घेतलंच की मला!" मागे सगळे कामगार. तो आत गेल्याशिवाय कोणी हलेना. मालक गाडीतून माझ्याकडे बघतायत आणि किल्ली माझ्या हातात.
उघडलं गेट.

३ मे
गुंडूला हलकं काम मिळालं. मला नारळ! शालू ओरडेल वाटलं होतं. तिनं गुपचूप चहात जास्तीचं आलं घातलं.

४ मे
राहिलेला डबा आणायला फौंड्रीवर गेलो. सगळे काम बंद ठेवून गेटबाहेरच बसलेले. "मुकादम –" ऐकलं आणि सवयीनं मान खाली घातली. पुढचा शब्द झिंदाबाद होता! सगळ्यात पुढं गुंडू, पट्टीचा हात वर करून.