झाड रागावलं, हे साधं वाक्य

११ जानेवारी, शनिवार

आज पुन्हा शोभा! 'लाइक' आलं की उपमा, नाही आलं की रूपक, एवढं घोकून गेले होते. सरांनी फळ्यावर लिहिलं, 'आय लाइक बनाना.' मी हात वर करून मोकळी — उपमा!

सगळे पोट धरून हसले. सगळे म्हणजे आम्ही सात-आठ घोडी, शनिवारी गावकीच्या हॉलमध्ये लहान मुलांच्या खुर्च्यांत अंग कोंबून बसतो. पिलार मासे विकून तशीच येते, तिच्याशेजारी जागा कायम रिकामी. ती मला मिळते.

सर आर्निडो बिचारे हसले नाहीत. चोवीस वर्षांचं पोर, सेबू शहरातून इथे बेटावर आलंय. "नांग लुदी, परत बघू या," म्हणाले. नांग म्हणतात मला, मोठ्या बहिणीला म्हणावं तसं. जाताना त्यांच्या हातावर गुळात तळलेली चार केळी ठेवली. खात नाही धड पोरगा.

१३ जानेवारी

धक्क्यावर केळी तळता तळता चेरिलिन माझी उजळणी घेते. लेक दहावीला, मी पण दहावीचीच परीक्षा देणार. ती शाळेतून, मी बाहेरून.

"अतिशयोक्तीचं उदाहरण दे."

"तुझे बाबा. 'पाच मिनिटांत पोचलो' म्हणतात आणि अजून आंघोळीला पण गेलेले नसतात."

"आई, ती अतिशयोक्ती नाही. ती थाप."

माझा नवरा सान्तोय तिथेच आपल्या रिक्षात पाय पसरून पडला होता. डोळे न उघडता म्हणाला, "वाट बघणारीला गोड वाटावं म्हणून म्हणतो. त्याला काय म्हणतात तुमच्यात?" चेरिलिन म्हणे, सौम्योक्ती. घ्या! आम्ही रात्रंदिवस घोकायचं आणि हा झोपेत पास.

ही सौम्योक्ती मला पचतच नाही. कडू बोलणं गोड करून सांगायचं म्हणे. इथे बोटीतून उतरणारं प्रत्येक माणूस आधी "लुदी, काय सुटलीस गं" म्हणतं आणि मग केळी मागतं.

१८ जानेवारी

सराव परीक्षा झाली. एका प्रश्नात वर्गच्या वर्ग आडवा!

वाक्य होतं — म्हातारं झाड रागावलं आणि त्याने आमची वाट अडवली. हे काय आहे? उपमा, अतिशयोक्ती, चेतनगुणोक्ती की साधं वाक्य?

सगळ्यांनी 'साधं वाक्य' वर खूण केली. एकानेही दुसरं काही नाही. सर पेपर उलटेपालटे करून बघत राहिले. त्यांना वाटलं आम्ही एकमेकांचं बघितलं.

"अहो, झाड रागावतं का?" त्यांनी विचारलं.

पिलार म्हणाली, "कुठलं झाड, त्यावर आहे."

मग त्यांना सांगावं लागलं. चॅपलखालच्या वडाजवळून जाताना 'ताबी, अपो' म्हणायचं. आजोबा, जरा सरका, मी जातेय, माफ करा. नाही म्हटलं तर ताप येतो, वाट चुकते. पिलारचा दीर न म्हणता गेला, तर संध्याकाळपर्यंत त्याच पायवाटेवर फिरत होता. सरांनी चष्मा पुसला. निर्जीव वस्तूला माणसासारखं वागवलं की चेतनगुणोक्ती, असं पुन्हा समजावलं. समजलं तर आम्हाला पहिल्यांदाच होतं. पण ते झाड निर्जीव कुठंय?

२० जानेवारी

चेरिलिन आज भांडी घासताना म्हणाली, "आई, तू पास झालीस तर अकरावीला येणार?"

"मग! त्यासाठीच तर चाललंय."

"माझ्याच शाळेत?"

"बेटाच्या या बाजूला दुसरी आहे का?"

घासलेलीच कढई तिने पुन्हा घासायला घेतली. मग म्हणाली, "दुसऱ्या तुकडीत बसशील ना?"

बसेन म्हटलं. सोळा वर्षांची आहे, तिचं बरोबरच आहे. केळीच्या तेलाचा वास येणारी आई कोणाला हवी पाठीमागच्या बाकावर? पण लागलं मला. आठवीत माझी आई अंथरुणाला खिळली आणि दप्तर खुंटीला अडकलं ते अडकलंच. मला पुन्हा वर्गात बसायचंय. एवढंच हवंय. तुकडी कुठलीही चालेल.

२५ जानेवारी

सर म्हणाले, "नांग, परीक्षेत मात्र चेतनगुणोक्तीच लिहा. झाड काही पेपर तपासायला येणार नाही."

यांना काही कळलेलं नाही. पोरगा गोड आहे पण.

१५ फेब्रुवारी

उद्या परीक्षा. सान्तोय म्हणतो, पाच मिनिटांत नेऊन सोडतो. मी पहाटेच निघणार.

१६ फेब्रुवारी, रविवार

घरी आल्या आल्या लिहायला बसले.

सगळं छान चाललं होतं. उपमा आली, सोडवली. उपरोध आला, सोडवला. आणि मग तेच! वाक्य वेगळं, पण झाडच. म्हाताऱ्या वडाने पाहुण्यांकडे कपाळाला आठ्या घालून पाहिलं, असं काहीतरी.

उत्तर माहीत होतं. पेन्सिल टेकवली आणि खूण करवेना. खूण केली म्हणजे मीच लिहून दिलं ना, की ते खोटं आहे, कवीने आपलं सजवलंय. परत जाताना त्याच्याच पुढून जायचं आहे! मी मान खाली घातली आणि हळूच म्हटलं, "ताबी, अपो. हे फक्त परीक्षेपुरतं आहे. राग धरू नका."

आणि खूण केली.

डोकं वर काढते तर पर्यवेक्षक बाई समोर. सेबूच्या, कडक. "कोणाला उत्तर सांगत होतीस?" शेजारी पिलार. तिचं तोंड पांढरंफटक. माझा पेपर ओढून घेतला. वाटलं, संपलं. या वयात कॉपीचा शिक्का घेऊन घरी जायचं, आणि चेरिलिनला काय सांगायचं?

केंद्राच्या मोठ्या बाई आल्या. इथल्याच, पिकल्या केसांच्या. म्हणाल्या, "कोणाशी बोललीस?"

खरं तेच सांगितलं. झाडाशी.

मागून कोणीतरी खुदकन हसलं. मोठ्या बाई हसल्या नाहीत. "कुठलं झाड?"

"चॅपलखालचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या प्रश्नाकडे. "द्या तिला पेपर," त्या म्हणाल्या. पर्यवेक्षक बाई नियम सांगायला लागल्या, तर मोठ्या बाई म्हणाल्या, "ती कॉपी करत नव्हती. परवानगी घेत होती. मी पण सकाळी तिथूनच आले."

पेपर मिळाला, पण गेलेला वेळ नाही मिळाला. निबंध अर्धाच राहिला. शेवटचं वाक्य पण पुरं नाही.

१७ फेब्रुवारी

चेरिलिनला सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल, नाहीतर लाजेल. तिने कढई माझ्या हातातून घेतली आणि दिवसभर केळी तिनेच तळली. निम्मी करपवली. मी तीच आधी विकली.

२२ मार्च

निकाल नाही.

९ मे

पास.

सर धक्क्यापर्यंत पळत आले सांगायला. मी त्यांना मिठी मारली, पिठाच्या हातांनीच. पिलार पण पास. सान्तोय सगळ्या बोटीला ओरडून सांगत होता, "माझी बायको! माझी बायको!" मी रडले. कोणी कितीही हसो.

१६ जून, सोमवार

अकरावीचा पहिला दिवस, दोघींचा. शाळेच्या फाटकापर्यंत चेरिलिनबरोबर गेले, पुढे ठरल्याप्रमाणे मी दुसऱ्या तुकडीत बसणार होते. तिथे तिने माझा हात सोडला नाही. म्हणाली, "चल, माझ्याच तुकडीत, 'अ'. शेजारचा बाक मी धरून ठेवलाय."