एक बादली पाणी, नाशिकमार्गे

कोलशेत, ठाणे

प्रिय श्रीपाद,

‘फट्!’ शाळेच्या प्रयोगशाळेत तू परीक्षानळीच्या तोंडाशी पेटती काडी नेलीस, तेव्हाचा हायड्रोजनचा तो आवाज साठ वर्षांनी परवा पुन्हा कानात वाजला. (सर ओरडले मात्र माझ्यावर, तेही आठवलं.) सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे, वहिनींची शुगर आणि विठ्ठलवाडीची हवा कशी आहे ते सविस्तर कळव. माझी तब्येत उत्तम; विचारणारं कोणी नसल्यामुळे बिघडायला तिलाही उत्साह नाही.

झालं असं, की पेपरात हायड्रोजनवर चालणाऱ्या हायब्रिड गाडीबद्दल वाचलं. टाकीतल्या हायड्रोजनपासून गाडीतच वीज तयार होते, जोडीला बॅटरी, आणि मागच्या नळीतून धुराऐवजी निव्वळ पाणी. मला ते एखाद्या कवितेसारखं वाटलं, आणि त्या तंद्रीत मी सोसायटीच्या सभेत विचारून बसलो, की अशी गाडी घेतली तर पार्किंगला कोणाची हरकत नाही ना? आता आमच्याकडे पाण्याच्या टँकरची वाट माणसं जावयासारखी बघतात. सभेने बाकी काही ऐकलंच नाही, फक्त ‘पाणी’ ऐकलं.

त्याच संध्याकाळी सेक्रेटरी योगिनी दारात. “काका, ते पाणी निदान जिना धुवायला तरी चालेल ना?” दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरची संचिता आली, तिला कुंड्यांसाठी हवं होतं. मग रोजच कोणी ना कोणी. मंदाकिनी गेल्यापासून या घरात इतकी माणसं बसलेली मी पाहिली नव्हती. मी चहा टाकायचो आणि चहासोबत पाचवीच्या पुस्तकातली एक कविता म्हणून दाखवायचो. (पाण्याच्या आशेने माणसं सहा कडवीसुद्धा ऐकतात.) न घेतलेल्या गाडीचा मला रोजचा खर्च पडला तो एक लिटर दूध आणि आल्याचा तुकडा.

खरा हिशोब मी पहिल्याच दिवशी केला होता. किलोभर हायड्रोजनवर गाडी शंभरेक किलोमीटर जाते आणि नऊएक लिटर पाणी सोडते. म्हणजे एक बादली भरायची तर ठाण्याहून नाशिक गाठायचं. किलोला शेकडो रुपये मोजायचे, आणि तेही कुठे? आपल्या बाजूला त्याचा पंपच नाही. मुळात गाडीच इथे विकत मिळत नाही. हे सगळं ठाऊक असून मी आठ दिवस गप्प बसलो. काल मात्र योगिनी गाडीपासून गच्चीतल्या टाकीपर्यंत पाइप टाकायला प्लंबरलाच घेऊन आली, तेव्हा लाज वाटली रे. आज सकाळी हिशोब सुवाच्य अक्षरात लिहून लिफ्टशेजारी लावला. त्यानंतर बेल वाजलेली नाही. सवयीने दूध मात्र लिटरभरच आणलं.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विठ्ठल

ता. क. : माझ्या लायसन्सची मुदत संपूनही सहा वर्षं झाली.

ता. क. २ : हे पत्र गाडीबद्दल नाहीच. आठ दिवस राहायला ये. कविता ऐकवणार नाही. (एखादीच.)

ता. क. ३ : थांब, बेल वाजली. समोरच्या दारातले देवेश. स्फोटाच्या भीतीने हे गृहस्थ आठ दिवस माझ्या दारावरून श्वास रोखून जात होते. आताही उंबऱ्याबाहेरूनच विचारताहेत, “काका, ती गाडी येत नाही, हे नक्की ना?” नक्की, म्हटलं.

चपला काढताहेत.