माळ आणि गोळी

अमरावती, रविवार

प्रिय दादा,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून लिहून राहिली. फाडायचं असेल तर वाचून फाड.

आपला धाकटा कुलदीप नशेच्या सुईपासून सुटला होता. रोज सकाळी अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात नर्ससमोर नशेची तलफ दाबणारी गोळी जिभेखाली ठेवायचा, ती विरघळली की थेट मोबाइलच्या दुकानात कामाला. येताना आईला भाजी आणायचा, वांगी किडकी निघाली म्हणून बोलणी खायचा. घर हसायला लागलं होतं, दादा. तुझ्या डोळ्यांत मात्र ती गोळीच खुपली. "नशेले नशाच देऊन राहिले हे डॉक्टर," असं चार लोकांत म्हणालास आणि महाराजांकडे नेऊन त्याच्या गळ्यात माळ घातलीस. माळकऱ्याला ती गोळी चालत नाही म्हणे. कोणी सांगितलं तुला? माळ तुझ्याही गळ्यात आहे, अन् डायबेटीसची गोळी तू जेवणाआधी न चुकता घेतोस. तुझं ते औषध, त्याची ती नशा. वा रे न्याय.

गोळी एकदम तोडली की अंग मोडून येतं, उलट्या होतात, पोरगं पुन्हा सुईकडे जातं, हे डॉक्टरांनी तुला बसवून सांगितलं होतं. तसंच झालं. मग माळ बाटवली म्हणून तू त्याला परतवाड्याजवळच्या त्या व्यसनमुक्ती केंद्रात टाकून आलास, आणि आईला सांगितलंस, सेमाडोहला हवापालटाला गेला.

मी परवा पत्ता काढून तिथं गेली. बैलाला बांधतात तशी साखळी त्याच्या पायात होती, खाटेला कुलूप लावलेलं. घोटा सडला होता. मला पाहून रडला अन् म्हणे, "ताई, दादाले सांग, आता मी गोळीपण नाई मागत." स्वतःच्या औषधाची माफी मागून राहिला होता तो. माझं डोकंच फिरलं.

काल वकील साधनाताई आणि पोलीस घेऊन गेली, कुलूप काढायला लावलं. कुलदीप आता माझ्या घरी आहे, उद्या इथल्या डॉक्टरांकडे त्याची गोळी पुन्हा सुरू करायला नेते. तक्रारीत केंद्राच्या मालकाचं नाव आहे. कुलदीपला तिथं कोणी आणून टाकलं, असं पोलीस साहेबांनी विचारलं, तेव्हा मी तुझं नाव सांगितलं. तुमचा सख्खा भाऊ आहे ना बाई, लिहू का, असंही विचारलं. मी म्हटलं, लिहा. तुला बोलावणं येईल. ते परक्याच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र.

तुझीच,
आरती